मदत हवी आहे: रोजच्या वापराला १५.६ इंची लॅपटॉप घ्यावा की १४ इंची?

मंडळी, दोन लॅपटॉपांपाशी येऊन अडलंय. एक १५.६ इंची, १९२० बाय १०८० पिक्सेल, १.८ किलो, उजवीकडे आकड्यांचा कीपॅड. दुसरा १४ इंची, १९२० बाय १२००, १.४ किलो, कीपॅड नाही. प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि किंमत जवळपास सारखी. काम टॅली आणि एक्सेलचं. आठवड्यातले चार दिवस कल्याण-ठाणे लोकल, लॅपटॉप पाठीवरच्या बॅगेत. वय ४६, चाळिशीचा चष्मा आहे. लहान स्क्रीन डोळ्यांना जड जाईल का?

प्रतिसाद: हिशेबनीस
इंच कर्णाचे असतात, त्यामुळे फसायला होतं. १५.६ ची स्क्रीन ३४.५ बाय १९.४ सेंमी भरते, तुमची १४ इंची ३०.२ बाय १८.८. म्हणजे उंचीत जेमतेम अर्धा सेंमी कमी. खरी कपात रुंदीत, चार सेंमीच्या वर.

आता डोळ्यांचं. दोन्हीकडे विंडोजचं स्केल (अक्षरं किती मोठी दिसावीत ती सेटिंग) १२५ टक्के ठेवलंत तर १४ इंचीवर अक्षर साधारण एक अष्टमांशाने बारीक दिसेल, पण एक्सेलच्या चार-पाच ओळी जास्त मावतील. चष्म्याला हे बारीक अक्षर दिवसभर झेपणार नाही. मग स्केल १५० कराल. अक्षर १५.६ पेक्षा किंचित मोठंच होईल, पण रुंदीला नेहमीचे चारेक कॉलम बाहेर जातील आणि दोन-तीन ओळीही. तेव्हा तुमचं शीट आडवं किती पसरतं ते आधी बघा. दुकानात डेमो मशीनवर डिस्प्ले सेटिंगमध्ये स्केल १५० करा, आपलंच शीट पेनड्राइव्हवरून उघडा आणि नेहमीच्या अंतरावर बसून वाचा.

प्रतिसाद: खटपट्या
लोकलचं गणित वेगळं. वर्तमानपत्र १५.६ इंचीच्या मापाचं, म्हणजे साधारण ३६ बाय २४ सेंमी, कापून बॅगेच्या लॅपटॉप कप्प्यात सरकवून बघा. कोपरा दुमडला आणि चेन ताणली गेली की गर्दीत दाब थेट झाकणावर येतो, स्क्रीन तडकते ती अशीच. १४ इंची ए-फोर कागदापेक्षा थोडीच मोठी असते. वजन मोजताना चार्जरही धरा. टाइप-सीवर चार्ज होत असेल तर ६५ वॅटचा एक चार्जर ऑफिसातच ठेवता येतो.

कीपॅडसाठी मोठा घेऊ नका. यूएसबीचा सुटा कीपॅड मिळतो, डाव्या हातालाही लावता येतो. मोठ्या लॅपटॉपवर कीपॅडमुळे अक्षरांचा भाग आणि टचपॅड डावीकडे सरकतात, अंग तिरकं ठेवून टाइप करावं लागतं.

एक मात्र नक्की विचारा: रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आहे का? पातळ मॉडेलांत बहुधा असते, मग नंतर वाढवता येत नाही.

प्रश्नकर्ता
घरी जुना २२ इंची मॉनिटर पडून आहे, केबल जोडायला फक्त व्हीजीए आणि डीव्हीआय ही जुनी पोर्ट. चालेल?

प्रतिसाद: हिशेबनीस
मग १४ इंचीच घ्या, एचडीएमआय पोर्ट आहे एवढं बघून. एचडीएमआय-ते-डीव्हीआय साधी केबल पुरते. चित्र येतं, आवाज लॅपटॉपवरूनच ऐकायचा. व्हीजीएच्या वाटेला जाऊ नका, त्याला सिग्नल बदलणारा कन्व्हर्टर लागतो आणि आकड्यांच्या कडा धूसर दिसतात. मॉनिटरला स्केल १०० टक्के द्या, लॅपटॉपला १५०. विंडोज दोन्ही वेगळे लक्षात ठेवतं. रुंद शीट मॉनिटरवर, टॅली लॅपटॉपवर.