बाळाचे नवे कपडे: धुवून घालायचे की कोरेच?

होऊ_घातलेला_मामा

ताई बाळंतपणाला माहेरी आली आहे, मुक्काम कराड. बाळंतविड्याची तयारी जोरात. डझनभर पांढरी झबली, टोपरी, लंगोट, चार दुपटी, शिवाय ताईच्या नणंदेने पुण्याहून पाठवलेला खणाचा सेट: लालभडक टोपरं, झबलं, कुंची.

आई म्हणते, दुकानातून आलेली चिंधीसुद्धा धुतल्याशिवाय बाळाच्या अंगाला लावायची नाही. ताईच्या सासूबाई फोनवर म्हणाल्या, "अहो, कोरेपणच घालवलंत तर बारशाला नवं म्हणून काय घालणार?" भावोजी 'सीलबंद पाकीट आहे, कंपनीचा माल आहे' पक्षाचे. धुणं मात्र माझ्या गळ्यात, म्हणून विचारतो. बाहेर पाऊस असा की एक टॉवेल तीन दिवस दोरीवर लोंबतोय. माझा कल न धुण्याकडे आहे, आणि तो निव्वळ आळसापोटी नाही. (थोडा आहे.)

भातुकली

धुवा. यात विचारायचं काय?

कॉलेजात असताना दिवाळीच्या हंगामात मी बाळांच्या कपड्यांच्या दुकानात काम केलंय. गठ्ठा फोडून झबली सतरंजीवर ओततात, गिऱ्हाईक पंधरा हाताळतं, एक घेतं. उरलेली चौदा झटकून परत पाकिटात. वर टेप. 'सीलबंद' म्हणतात ते हेच. तेव्हापासून मी स्वतःचा रुमालसुद्धा धुतल्याशिवाय वापरत नाही.

उलटा_टाका

विरोधी बाकावरून बोलतो. हात लागले म्हणून कपडा धुवायचा, तर बाळ बघायला येणाऱ्या पन्नास माणसांना आधी भिजत घाला. त्यातली प्रत्येक मावशी गाल ओढते.

आणि परंपरेचं म्हणाल तर आमच्याकडे पाचवीपर्यंत बाळाला नवं घालतच नव्हते. आजोबांच्या जुन्या धोतराचे लंगोट, आजीच्या विरलेल्या लुगड्याची दुपटी. शेकडो वेळा धुतलेलं, लोण्यासारखं मऊ. तेव्हा 'नवं धुवायचं का' हा प्रश्न बाजारातून आलाय, शास्त्रातून नव्हे.

सूत_आणि_भूत

उलटा_टाका, प्रश्न बाजारातून आलाय हे बरोबर, पण मग उत्तरही बाजारातच शोधायला हवं. मी इचलकरंजीचा, अर्धं आयुष्य सायझिंग आणि प्रोसेसिंगमध्ये गेलं. कपड्यात काय असतं ते सांगतो, ठरवा तुम्ही.

मागावर ताण्याचे धागे तुटू नयेत म्हणून त्यांना आधी खळ लावतात. विणून झालं की ती काढतात, मग कापड शिजवतात, पांढरं करतात, शेवटी मऊपणा किंवा चकाकी यावी म्हणून फिनिश. पॉपलिन, मलमल अशा विणलेल्या कापडाची ही वाट. होजियरीच्या झबल्याचा मामला वेगळा, त्याच्या सुताला खळ लागतच नाही. त्यामुळे 'नव्या कपड्यात कांजी असते' हे सरसकट म्हणणं चूक. तुमच्या कडक दुपट्यात असेल, ताणल्या जाणाऱ्या बनियनवजा झबल्यात नसणार.

खरी काळजी दोन गोष्टींची. एक, सुरकुत्या पडू नयेत म्हणून दिलेलं फिनिश. त्यातून फॉर्माल्डिहाइड हे कातडीला झोंबणारं रसायन सुटतं. जपानने १९७३ च्या कायद्याखाली दोन वर्षांच्या आतल्या बाळांच्या कपड्यांना १६ पीपीएमची (दहा लाख भागांत १६) मर्यादा घातली, मोठ्यांच्या आतल्या कपड्यांना मात्र ७५ पर्यंत सूट. कापडातली घातक द्रव्यं तपासल्याचं 'ओएको-टेक्स स्टँडर्ड १००' चं लेबल पाहिलं असेल, त्यातही तीन वर्षांपर्यंतच्या मुलांचा वर्ग सगळ्यात कडक. हे द्रव्य पाण्यात विरघळतं, एका धुण्यात बरंचसं उतरतं. दोन, न बसलेला रंग. आपल्याकडे १९९७ पर्यंत अ‍ॅझो जातीच्या एकूण ११२ घातक रंगांवर बंदी आली, पण बंदी नसलेला रंगसुद्धा कच्चा असू शकतो. त्यासाठी ओला पांढरा रुमाल कापडावर घासून बघा. लागला तर धुवायचंच, आणि तेही वेगळं. खणाचं टोपरं पांढऱ्याबरोबर भिजवू नका.

उलटा_टाका

काका, माहिती उत्तम. पण आता दुसरी बाजू ऐका. कोऱ्या कपड्याने बाळ दगावल्याचं मी ऐकलेलं नाही. धुतलेल्या कपड्याने दगावल्याची नोंद आहे.

१९६७ साली अमेरिकेत सेंट लुइसमधल्या एका छोट्या प्रसूतिगृहात नवजात बाळांना अचानक घाम सुटायला लागला, श्वास वाढला. नऊ बाळं आजारी पडली, दोन गेली. शोध घेतला तेव्हा निघालं की लाँड्रीत बुरशीनाशक म्हणून सोडियम पेंटाक्लोरोफिनेट वापरत होते, आणि तेच लंगोटांत आणि चादरींत राहून कातडीवाटे आत गेलं.

आता आपल्या घरी या. मूठभर पावडर, वर जंतुनाशकाची दोन झाकणं, शेवटी सुवासिक सॉफ्टनर, आणि पाणी कमी म्हणून एकदाच खळबळणं. हे सगळं त्या झबल्यात बसतं. मिल परवडली, आमची मोलकरीण नको. म्हणजे बायको नको. म्हणजे मीच नको, धुतो मी.

भातुकली

वाईट धुतात म्हणून धुऊच नका? मग वाईट शिजवतात म्हणून कच्चं खा.

वॉर्डातली_ताई

मी प्रसूती वॉर्डात काम करते. दोघांनाही थोडं थोडं टोचते.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाळाच्या अंगावर लाल चट्टे, मधे पिवळसर ठिपका असं येतं. पूर्ण दिवसांच्या साधारण निम्म्या बाळांना येतं आणि आपोआप जातं. पण वॉर्डात लगेच पंचायत बसते: कोणी आणलेलं झबलं घातलं होतं? आणि ते कायम सासरहून आलेलं निघतं! कपड्याचा काही संबंध नसतो. त्यामुळे 'आम्ही धुतलं नाही आणि पुरळ आलं' किंवा 'नाही धुतलं, तरी काही झालं नाही', दोन्ही साक्षी माझ्या लेखी बाद.

मला भीती वेगळीच वाटते, आणि ती नव्या कपड्यांची नाही. ट्रंकेतल्या कपड्यांची. डांबराच्या गोळ्या म्हणजे नॅप्थलीन. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं, मुलग्यांमध्ये जास्त. अशा बाळाला गोळ्यांत ठेवलेलं दुपटं गुंडाळलं तर नुसत्या वाफेने तांबड्या पेशी फुटू शकतात, कावीळ मेंदूपर्यंत जाऊ शकते. त्यात आपल्याकडे तेल चोळतात. तेलकट कातडीतून ते आणखी शोषलं जातं. घराण्याची कुंची, आजीची गोधडी, पणजोबांचा शेला, प्रेमाने काढतात आणि थेट बाळावर.

उलटा_टाका, तुमचं ते लोण्यासारखं लुगडं कशात ठेवलं होतं?

उलटा_टाका

...आजीच्या पेटीत. वाळा, कापूरकाचरी, कडुलिंबाचा पाला. गोळ्या नव्हत्या. बहुतेक.

होऊ_घातलेला_मामा

हे वाचून घाम फुटला. माझ्याच बारशाची कुंची आईने काल ट्रंकेतून काढली, वास थेट आत्याच्या कपाटासारखा. धुतली की जाईल का?

वॉर्डातली_ताई

वास गेला नाही तर बाळाजवळ नको, इतका साधा नियम. धुवा, बरेच दिवस उघड्या हवेत टांगा. पावसात ते होणार नाही, तेव्हा कुंची फोटोपुरतीसुद्धा नको. भिंतीवर लावा.

नाईल_काठची

विषयाला फाटा फोडते. आम्ही युगांडात असतो. इथे बाहेर वाळत घातलेल्या ओलसर कपड्यांवर टुंबू नावाची माशी अंडी घालते, अळी कातडीत शिरून गळवासारखा फोड येतो. त्यामुळे लंगोटापासून चादरीपर्यंत सगळ्याला कडकडीत इस्त्री. माझ्या सासूबाई सांगलीहून आल्या तेव्हा लंगोटाला इस्त्री बघून म्हणाल्या, "एवढे लाड?" फोड पाहिल्यावर त्याच इस्त्री करायला लागल्या. सांगायचं इतकंच, धुण्याचे नियम गावोगाव वेगळे असतात, कराडचा पाऊस धरून ठरवा.

सूत_आणि_भूत

पावसाचं म्हणाल तर अर्धवट वाळलेलं धुतलेलं झबलं हे कोरड्या कोऱ्या झबल्यापेक्षा वाईट, हे मी कबूल करतो. कुबट वास म्हणजे बुरशीची सुरुवात. पंख्याखाली वाळवा, मग इस्त्री फिरवा, शिवणीत ओल राहते तिथे जास्त.

आणखी एक, याला कोणी हात घातला नाही. धुवा न धुवा, झबलं उलटं करून बघा. मोज्यांच्या आणि हातमोज्यांच्या आत सुटे दोरे असतात. बाळाच्या बोटाला असा दोरा गुंडाळला तर रक्त अडतं, बोट सुजून निळं पडतं, आणि बाळ का रडतंय ते कोणाला कळत नाही. दोरे कापा. मानेमागचं लेबलही उसवून टाका, ते मखमलीवरसुद्धा टोचतं.

भातुकली

हे पटलं. धुताना हे आपोआप दिसतं, हा धुण्याच्या बाजूने आणखी एक मुद्दा.

उलटा_टाका

न धुताही दिसतं. डोळे लागतात, बादली नाही.

माझी तडजोड: अंगाला थेट लागणारं धुवा, चिमूटभर साबण, दोनदा स्वच्छ पाणी, सॉफ्टनर नाही, जंतुनाशक नाही. जरीचं, खणाचं बारशापुरतं तासभर, आत जुनं मलमल घालून, न धुता. खण धुतला की आटतो आणि मग ते टोपरं नारळाला बसतं.

भातुकली

हा तर चक्क पक्ष बदलला.

उलटा_टाका

पक्ष नाही, बाक बदलला. मत तेच आहे.

होऊ_घातलेला_मामा

अपडेट. भाचा झाला, दोघंही छान. दुसऱ्या दिवशी ते लाल चट्टे आलेच, सासूबाईंनी विचारलंच, वॉर्डातली_ताई यांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला, पंचायत बरखास्त. कुंची भिंतीवर.

धुणं उरकलं. मात्र सूत_आणि_भूत काकांचं 'पांढऱ्याबरोबर भिजवू नका' हे वाक्य मी सगळं दोरीवर टाकल्यावर वाचलं. आठ झबली आणि दोन दुपटी गुलाबी झाली आहेत. एका दुपट्यावर टोपऱ्याचा पूर्ण गोल छाप आहे, सूर्योदयासारखा. ताईची नणंद परवा बारशाला येतेय.

उलटा_टाका

म्हटलं होतं, धुऊ नका.

भातुकली

म्हणजे तो रंग बाळाच्या टाळूला लागला असता ते चाललं असतं?