संगणक आत्ताच घ्यावा की अजून थांबावं? (सहा वर्षं थांबून झालं आहे)

सावळागोंधळ

मंडळी, मदत हवी आहे. प्रश्न जुनाच आहे, पण माझ्या बाबतीत तो आता हसण्यावारी न्यायच्या पलीकडे गेलाय.

सध्याचं मशिन: प्रोसेसर इंटेल आय५-४४६० (२०१४ चा), १६ जीबी डीडीआर३ रॅम, ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स ७५० टीआय २ जीबी. विंडोज १० एका साटा एसएसडीवर, बाकी सगळा संसार ४ टीबीच्या हार्ड डिस्कवर. काम व्हिडिओ एडिटिंगचं. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची स्टुडिओ आवृत्ती विकत घेतलेली आहे, पण कार्ड जुनं म्हणून सॉफ्टवेअरही जुनंच धरून बसलोय. गेम खेळत नाही.

आता थांबण्याचा इतिहास. २०२० मध्ये घ्यायचं पक्कं केलं तर एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांची आरटीएक्स ३००० मालिका जाहीर झाली. म्हटलं, तीच घेऊ. कार्डं आली आणि क्रिप्टोच्या मायनिंगवाल्यांनी पळवली. पुढची जवळजवळ दोन वर्षं ती फक्त चित्रात पाहिली. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियमचं मायनिंग संपलं, कार्डं मोकळी झाली, तर त्याच महिन्यात एएमडीचं एएम५ आलं. नवा सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा), नवी रॅम; पहिल्या खेपेचं कशाला, जरा मुरू दे. २०२४ च्या ऑगस्टात एएमडीचे रायझन ९००० प्रोसेसर, ऑक्टोबरात इंटेलचे कोअर अल्ट्रा २००. तोवर आरटीएक्स ५००० ची कुजबुज सुरू झाली होती, म्हणून थांबलो. ती जानेवारी २०२५ च्या अखेरीस आली, पुन्हा टंचाई. ती सरली म्हणेपर्यंत रॅमचे भाव पेटले.

मनात रायझन ७ ९७००एक्स आहे. पण एएमडीची पुढची पिढी झेन ६ येतेय म्हणतात, आणि इंटेलने आपल्या पुढच्या नोव्हा लेकसाठी २०२६ ची अखेर सांगितलीय. घेऊ की थांबू? आणि थांबायचंच तर नेमकं कशासाठी, हेही सांगा, कारण मला आता ते आठवेनासं झालंय.

रिकामटेकडी

घ्या हो. तुमच्या प्रोसेसरला मिसरूड फुटलं असेल.

कोपऱ्यातला_पंखा

मी उलट सांगतो. कधी कधी थांबलेलाच शहाणा ठरतो. इंटेलचा आय७-७७००के जानेवारी २०१७ मध्ये आला, ४ कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरच्या आतला काम करणारा एकेक मेंदू). ज्यांनी तो त्या वर्षीच्या सप्टेंबरात घेतला, त्यांच्यासमोर ऑक्टोबरात ८७००के येऊन उभा राहिला, ६ कोअरचा. सॉकेटचं नाव तेच, एलजीए ११५१, पण जुन्या बोर्डावर चालेना. आणि पुढे विंडोज ११ ची अट ठरली ती इंटेलच्या आठव्या पिढीपासून, म्हणजे ८७००के च्या. म्हणजे एका महिन्याच्या घाईत कोअरही गेले, बोर्डही गेला आणि पुढची विंडोजही गेली. तेव्हा पिढी बदलायच्या तोंडावर घेऊ नये.

जुना_कारागीर

पंखेदादा, उदाहरण बिनतोड आहे, पण ते नेहमी घडत नाही म्हणूनच लक्षात राहिलंय. २०११ ते २०१६ या काळात इंटेलची जवळजवळ दरवर्षी नवी पिढी येत होती आणि नेहमीच्या डेस्कटॉपवर कोअर चारचेच राहिले होते. त्या पाच वर्षांत जो थांबला त्याला फारसं काही मिळालं नाही. २०१७ मध्ये एकदम उडी बसली, कारण त्याच वर्षी मार्चमध्ये रायझन आला आणि इंटेलला हलावं लागलं.

एक जुनी गोष्ट. १९८१ मध्ये ऑसबोर्न १ नावाचा उचलून नेता येणारा संगणक आला होता, चांगला खपत होता. मग कंपनीने पुढच्या मॉडेलची वाच्यता फार लवकर केली, विक्रेत्यांनी आहे त्याच्या ऑर्डरी थांबवल्या आणि १९८३ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, असं सांगतात. दिवाळं तेवढ्यानेच निघालं नव्हतं, पण नाव पडलं ते पडलंच: ऑसबोर्न परिणाम. तुमच्या घरी तो सहा वर्षं मुक्कामाला आहे.

असो. गोंधळराव, तुम्ही बाजाराचा सगळा इतिहास सांगितलात, पण तुमचं काम कुठे अडतं ते एका ओळीत नाही. टाइमलाइन अटकते? एक्स्पोर्टला वेळ लागतो? की 'जीपीयू मेमरी फुल' येतं (जीपीयू म्हणजे ग्राफिक्सची चिप)? तिन्हींची औषधं वेगळी आहेत. एक प्रोजेक्ट उघडा, जिथे अडकतं तिथे प्ले करा, शेजारी टास्क मॅनेजर उघडा ठेवा. सीपीयू, डिस्क, जीपीयू यातलं कोण १०० टक्क्यांना टेकतं ते इथे लिहा.

बायोसबुवा

आणि कॅमेऱ्याची एक फाइल मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये टाकून बघा. कोडेक (व्हिडिओ आवळायची पद्धत), बिट डेप्थ (रंगाची बारकाई) आणि क्रोमा सबसॅम्पलिंग (रंगाची किती माहिती ठेवलीय) या तीन ओळी हव्यात. मला एक शंका आहे, ती खरी ठरली तर अर्धा धागा वाया जाईल.

सावळागोंधळ

केलं दोन्ही. कॅमेऱ्याची फाइल प्ले केली की सीपीयू १०० वर चिकटतो, चित्र सेकंदाला चार-पाच फ्रेमवर येतं. डिस्क १० टक्क्यांच्या आत. जीपीयू झोपलेला. 'मेमरी फुल' कधी कधी येतं, पण ते रंगकामाचे नोड (टप्पे) वाढवले की.

मीडियाइन्फो: एचईव्हीसी, १०-बिट, ४:२:२. फोनच्या फाइलींना एचईव्हीसी, ४:२:०. दोन्ही अटकतात, फोनच्या थोड्या कमी.

मला वाटत होतं हार्ड डिस्कच गुन्हेगार आहे. उगाच तिला शिव्या घातल्या.

बायोसबुवा

शंका खरी निघाली. नीट सांगतो, कारण यात ९७००एक्स की झेन ६ हा प्रश्नच बाजूला पडतो.

एचईव्हीसी म्हणजे एच.२६५ ही फार आवळून बांधलेली फाइल. प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. मागच्या-पुढच्या फ्रेमशी असलेला फरक तेवढा साठवलेला असतो. एडिटिंग करताना तुम्ही टाइमलाइनवर कुठेही उडी मारता, तेव्हा ती एक फ्रेम दाखवायला आजूबाजूच्या कितीतरी फ्रेम सोडवाव्या लागतात. हे काम करायला चिपमध्ये वेगळा भाग असतो, डिकोडर. तो नसेल किंवा त्याला ती जात कळत नसेल, तर सगळा भार सीपीयूच्या कोअरवर. तुमच्या चौथ्या पिढीच्या आय५ मध्ये आणि ७५० टीआयमध्ये एच.२६५ चा पूर्ण डिकोडर नाही. म्हणून चार कोअर घाम गाळतात आणि कार्ड घोरतं.

आता खरी मेख ४:२:२ मध्ये आहे. फोनचं ४:२:० गेल्या आठ-नऊ वर्षांतलं जवळपास कुठलंही कार्ड सोडवतं. एच.२६५ मधलं १०-बिट ४:२:२ मात्र सगळ्यांना जमत नाही. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधलं ग्राफिक्स ते अकराव्या पिढीपासून सोडवतं. एनव्हिडियाने ते आरटीएक्स ५००० मध्ये दिलं. आधीच्या पिढीतलं आरटीएक्स ४०९० सारखं महागडं कार्डसुद्धा तिथे हात वर करतं. रायझनच्या आतल्या ग्राफिक्सला ते येत नाही.

म्हणजे तुम्ही ९७००एक्स घेतला असता तर आठ ताज्या कोअरच्या जोरावर फरक जाणवला असता, नक्कीच. पण दोन कॅमेऱ्यांच्या फाइली एकावर एक ठेवल्या की पुन्हा तेच रडगाणं, आणि तुम्ही इथे येऊन 'झेन ७ ला थांबू का' विचारलं असतं.

माझा सल्ला: कोअर अल्ट्रा २६५के किंवा त्याच्या खालचा २४५के. मात्र नावाच्या शेवटी 'एफ' असलेला चुकूनही घेऊ नका. एफ म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद, आणि तुम्हाला तर तेच हवंय.

कोपऱ्यातला_पंखा

२६५के? गेममध्ये तो आधीच्या चौदाव्या पिढीलाही धड हरवू शकला नव्हता. शिवाय त्या सॉकेटला भविष्य कुठे आहे? एएमडी एएम५ ला २०२७ पर्यंत आणि पुढेही साथ देऊ म्हणतेय. त्याआधीच्या एएम४ सॉकेटचं पाहा, २०१७ च्या बोर्डावर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून २०२२ चा रायझन ५८००एक्स३डी बसला.

सावळागोंधळ

हीच भीती मलाही आहे. आज घेतलं आणि वर्षभरात सॉकेट मेला तर?

जुना_कारागीर

गेम ते खेळत नाहीत, पहिल्याच निरोपात लिहिलंय.

सॉकेटचं म्हणाल तर एकच विचारतो. २०१४ पासून त्या बोर्डावर प्रोसेसर किती वेळा बदललात? शून्य. त्याच बोर्डात आय७-४७९०के बसला असता, आठ थ्रेडचा. तो घ्यावा असं कधी मनातही आलं नसेल. एएम४ वर ज्यांनी तीन-तीन प्रोसेसर फिरवले त्यांना त्या सॉकेटचं चीज झालं. तुम्ही एकदा घेता आणि दहा-बारा वर्षं वापरता. तुमचा पुढचा प्रोसेसर येईल तेव्हा बोर्ड आणि रॅम दोन्ही बदलायचीच असतील, सॉकेट कुठलाही असो.

रिकामटेकडी

माझा वेगळा मुद्दा. डीडीआर४ रॅम घरात असती तर मी जुन्याच बोर्डावर प्रोसेसर बदला म्हटलं असतं, मी स्वतः तसंच केलं. पण तुमची डीडीआर३, ती नव्या कशातच बसत नाही. मग सगळ्यात महाग झालेली वस्तू तुम्हाला नवीनच घ्यावी लागणार. ती उतरेपर्यंत थांबायचं का?

जुना_कारागीर

रॅम उतरेल तेव्हा उतरेल, तारीख कोणाकडे नाही. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन, मुख्य बनवणारे तिघेच. एआयच्या सर्व्हरना लागणारी मेमरी जास्त फायद्याची, म्हणून कारखाने तिकडे वळलेत. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा आपल्यासारख्यांसाठीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. नवा कारखाना उभा राहायला वर्षं लागतात. माझा नियम असा आहे: छापील तारीख असलेल्या वस्तूसाठी दोन-तीन महिने थांबावं, भाव उतरण्यासाठी थांबू नये.

बायोसबुवा

रॅममध्ये एक चूक टाळा. 'आत्ता दोन कांड्या, पुढे अजून दोन' हा डीडीआर३ चा हिशेब डीडीआर५ ला लागू पडत नाही. चार कांड्या लावल्या की बोर्ड वेग बराच खाली आणतो. तेव्हा पुढेही दोनच राहतील असं धरून घ्या. ६४ जमत नसेल तर २४ च्या दोन, ४८ जीबी. ३२ वर रिझॉल्व्ह चालतं, पण आतलं ग्राफिक्सही त्याच रॅममधून खातं हे विसरू नका.

कोपऱ्यातला_पंखा

किंवा आत्ता ३२ ची एकच कांडी आणि वर्षभराने दुसरी? वेग थोडा कमी मिळेल, पण खिसा वाचेल.

बायोसबुवा

आतलं ग्राफिक्स वापरणाऱ्याने एकच कांडी लावू नये. रॅमकडे जाणाऱ्या वाटेची रुंदी अर्धी होते आणि पहिला फटका आतल्या ग्राफिक्सलाच बसतो. यावर मी हटणार नाही.

कोपऱ्यातला_पंखा

मान्य नाही. डिकोडरला तेवढी रुंदी लागत नाही. पण चालू द्या.

रिकामटेकडी

तोवर प्रॉक्सी बनवून काम का करत नाही? रिझॉल्व्हमध्ये क्लिपवर उजवी क्लिक करून प्रॉक्सी तयार करता येते. हलकी, लहान चित्राची प्रत. कापाकापी तिच्यावर करायची, एक्स्पोर्ट मूळ फाइलवरून. मग थांबायचं असेल तर सुखाने थांबता तरी येईल.

सावळागोंधळ

ताई, हे आधी कोणी का नाही सांगितलं? रात्री लावून झोपलो, सकाळी प्रॉक्सी तयार. टाइमलाइन लोण्यासारखी पळतेय. याच मशिनवर! दोन दिवस तर मला वाटलं, काहीच घ्यायला नको.

पण मग शूटच्या दुसऱ्या दिवशी तातडीचं काम आलं आणि प्रॉक्सी बनवण्यातच अर्धा दिवस गेला. शिवाय विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. वाढीव सुरक्षा अपडेट घेतलेत ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. म्हणजे नोव्हा लेक २०२६ च्या अगदी शेवटी आला, तर माझी मुदत आधी संपलेली असेल. सहा वर्षांत पहिल्यांदाच दोन तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या.

तर ठरवलंय असं: २४५के, बोर्ड, २४ च्या दोन कांड्या, एनव्हीएमई एसएसडी. कॅबिनेट जुनंच. एसएमपीएसही (वीज पुरवणारा डबा) जुनाच ठेवणार होतो.

जुना_कारागीर

एसएमपीएस नवा घ्या. बारा वर्षांचे कपॅसिटर नव्या बोर्डाला जोडू नका. हार्ड डिस्क ठेवा, ती निर्दोष सुटली आहे. ग्राफिक्स कार्ड आत्ता नको. आधी दोन महिने आतल्या ग्राफिक्सवर काम करून बघा. रंगकामात अडलात तरच घ्या.

सावळागोंधळ

आणि ७५० टीआय? नव्या मशिनात तात्पुरतं लावू का?

बायोसबुवा

नको. २ जीबीचं कार्ड दिसलं की रिझॉल्व्ह त्यालाच मुख्य समजायची शक्यता आहे, आणि एनव्हिडियाने त्या पिढीचे नेहमीचे ड्रायव्हरही २०२५ च्या ऑक्टोबरात थांबवलेत. पुढे नवं कार्ड घेतलंत तर मात्र हे लक्षात ठेवा: कार्ड बसवलं की बरेच बोर्ड आतलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात. बायोसमध्ये 'आयजीपीयू मल्टी-मॉनिटर' चालू करा, मग रिझॉल्व्हच्या प्रेफरन्सेसमध्ये डिकोडिंगसाठी इंटेलवर खूण आहे का ते बघा. ती नसेल तर दोन्ही असूनही टाइमलाइन अटकेल आणि तुम्ही परत हार्ड डिस्कला शिव्या घालाल.