मदत हवी आहे: होडीच्या पठाणासाठी सरकारी आगारातून सागवान घ्यायचंय, कुणी घेतलंय का?

वेसावकर

मंडळी, मी इथला दोन-तीन वर्षांचा नुसता वाचक. धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

वेसाव्याला (वर्सोव्याला) आमची बेचाळीस फुटी होडी आहे. बाबांनी १९९८ साली बांधून घेतली. १ जूनला मासेमारी बंद झाली की ती वर ओढायची आणि पठाणाचा मागचा तुकडा बदलायचा असं ठरलंय. (पठाण म्हणजे तळाचा कणा, सगळी होडी ज्यावर उभी असते तो.) त्यासाठी एक अखंड नग हवाय. निदान २२ फूट, सरळ, गाठी नसलेला. शिवाय बरगड्यांसाठी मुळातच वळलेली लाकडं सात-आठ. बंदी उठेपर्यंत हातात दोन महिने, म्हणून लाकूड आत्ता मार्चातच बघून ठेवायचंय.

गेल्या वर्षीचं सांगतो म्हणजे घाई का ते कळेल. बाजूच्या फळ्यांसाठी मुंबईतल्याच एका व्यापाऱ्याकडून ‘सीपी’ म्हणून ३० घनफूट घेतलं. सीपी म्हणजे जुन्या मध्यप्रांताचं, आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडचं सागवान, असा बाजारातला अर्थ. आमच्या सुतारमामांनी रंधा मारला आणि हात थांबवला. म्हणाले, "याला वासच नाही रे." चांगल्या सागाचा भुसा हाताला तेलकट लागतो आणि चामड्यासारखा वास येतो. हे कोरडं ठणठणीत. वलयं लांब लांब, आणि कडेचं पांढरं लाकूड फळीच्या पार मध्यापर्यंत आलेलं. वाहतूक परवान्याची झेरॉक्स मागितली तर ती मिळाली, पण तिच्यावरचा एकही नंबर आमच्या लाकडावर नव्हता आणि तारीख तीन वर्षांपूर्वीची. पावसाळा संपेस्तोवर दोन फळ्या पिळवटल्या. भांडायला जावं तर बिलावर नुसतं ‘लाकूड’.

म्हणून यंदा थेट वनखात्याच्या नाहीतर वनविकास महामंडळाच्या आगारातून (तोडलेलं लाकूड साठवून विकतात तिथून) घ्यावं म्हणतोय. मला एक नग हवाय आणि ते म्हणे लॉटच्या लॉट विकतात, मग माझ्यासारख्याने करायचं काय? घनमीटरचं घनफूट कसं धरायचं? चंद्रपूरकडच्या बल्लारशाहच्या आगारापर्यंत जायलाच हवं का? एकदा पैसे पाण्यात गेलेत (आमच्या धंद्यात तर शब्दशः), आता ज्यांनी केलंय त्यांचं ऐकायचंय.

घनफूट

फर्निचरचा धंदा आहे, आगारात जाणं-येणं असतं. आधी मापाचं बघू, कारण तिथेच नवा माणूस फसतो.

आगारात गोल लाकडाचं माप चौथाई घेराने काढतात. मधला घेर घ्यायचा, त्याला चाराने भागायचं, आलं त्याचा वर्ग, गुणिले लांबी. समजा घेर १६० सेंटिमीटर आणि लांबी ६ मीटर. चौथाई झाली ४० सेंटिमीटर. ०.४ गुणिले ०.४ गुणिले ६, म्हणजे ०.९६ घनमीटर. एक घनमीटरला ३५.३ घनफूट धरा, झाले साधारण ३४. आता शाळेतलं वर्तुळाचं गणित लावलंत तर त्याच नगात १.२२ घनमीटर लाकूड निघतं. म्हणजे शंभरातलं एकवीस मापात धरलंच जात नाही, ते कापताना जाणाऱ्या भुशा-फळकुटांच्या नावाने सोडलेलं असतं. व्यापारी मात्र तुम्हाला कापलेलं लाकूड विकतो, त्याचं घनफूट पूर्ण मोजून. दोन्हीकडे ‘घनफूट’च म्हणतात, पण ते एक नव्हे. भावाची तुलना करताना हे विसरलात तर आगार फुकट वाटेल, आणि कापणावळ दिली की डोळे उघडतील.

बोलीच्या वर १८ टक्के जीएसटी, शिवाय आयकराचा टीसीएस (विकणाराच किमतीबरोबर वसूल करतो तो कर), भराई आणि ट्रक. हे सगळं आधी कागदावर मांडा, मगच बोली लावा.

बल्लारशाहचं नाव मोठं आहेच, अयोध्येच्या मंदिराच्या दारांना २०२३ साली तिथलंच सागवान गेलं. पण एका पठाणासाठी अर्धा महाराष्ट्र ओलांडायचा? ट्रकभाडंच लाकडाच्या अंगावर बसेल.

कूपवाला (निवृत्त)

वनखात्यात चौतीस वर्षं काढली, त्यातली बरीच कूप (जंगलात तोडीसाठी आखलेला तुकडा) आणि आगारात. जमेल तेवढं सांगतो.

२२ फुटांची गोष्ट आधी. नगाची लांबी आगारात ठरत नाही, ती जंगलात ठरते. झाड आडवं झालं की कूपमध्येच त्याचे तुकडे पाडतात: जिथे फांदी फुटली तिथे, जिथे पोकळी दिसली तिथे, आणि ट्रकमध्ये काय मावेल ते बघून. त्यामुळे आगारात तीन-चार मीटरचे नग ढिगाने दिसतील, पावणेसात मीटरचा सरळ नग क्वचित. तुम्ही एप्रिलमध्ये आगारात जाऊन लांब नग मागणार आणि तो डिसेंबरातच कुणीतरी दोन तुकडे करून ठेवलेला असणार. पुढच्या खेपेला लागणार असेल तर तोड सुरू व्हायच्या आधी, पावसाळा संपता संपता, संबंधित कार्यालयात लेखी मागणी देऊन ठेवा. ऐकतीलच असं नाही, पण कागद गेलेला असला तर कूपवरच्या माणसाला करवत लावण्याआधी विचार करावासा वाटतो.

लॉट फोडून देत नाहीत, हे खरं. सारख्या घेराचे, सारख्या लांबीचे, सारख्या प्रतीचे नग एकत्र लावतात आणि त्या लॉटवर हातची किंमत ठरते. हातची म्हणजे जिच्या खाली सरकार देत नाही ती. आता बहुतेक ठिकाणी ई-लिलाव आहे. नोंदणी, अनामत, कोण भाग घेऊ शकतो, सगळं लिलाव सूचनेत असतं. सूचना शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, खासकरून पैसे किती दिवसांत भरायचे आणि माल किती दिवसांत उचलायचा ते. उशीर झाला की व्याज आणि वर भूभाडं. लिलाव जिंकून भूभाड्यात बुडालेले लोक मी पाहिलेत.

सगळ्यात महत्त्वाचं: माल ‘जिथे आहे, जसा आहे’ या अटीवर. नंतर पोकळ निघाला तर तुमचा. म्हणून पाहणीच्या दिवशी स्क्रीनवरचे फोटो बघत घरी बसू नका. टॉर्च न्या. बुंध्याकडच्या टोकात उजेड मारा, मधोमध काळा डाग किंवा भेग दिसली की ती आत किती गेलीय ते तारेने बघा. मग एकाला त्या टोकाला कान लावायला सांगा आणि दुसऱ्या टोकावर दगडाने हलकेच ठोका. भरीव नगात आवाज खणखणीत पोचतो, पोकळ असला की भद्द येतो. आगारातले हमाल हे आमच्यापेक्षा चांगलं ओळखतात. चहा पाजा, बोलतील.

आरेतली

प्रश्नाला सोडून बोलतेय, राग मानू नका. २०१९ मध्ये आरेत रात्रीत झाडं पाडली तेव्हा मी तिथे रस्त्यावर होते. इथे सरळ ‘सरकारी जंगलातलं सागवान स्वस्तात कसं मिळेल’ असा धागा बघून कसंतरी झालं. फायबरच्या होड्या येतात ना आता?

कूपवाला (निवृत्त)

ताई, राग कसला. पण आरेतली तोड आणि कूपमधली तोड एका तागडीत घालू नका. आरेत झाड गेलं ते जागेसाठी, तिथे परत जंगल येणार नाही. कूपमध्ये जागा जंगलाचीच राहते. प्रत्येक वनविभागाची कार्य आयोजना असते. कुठल्या वर्षी कुठला कूप, त्यातली कुठली झाडं काढायची, कुठली राखायची, हे तिच्यात लिहिलेलं असतं. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशापासून तर केंद्राने मंजूर केलेल्या आयोजनेशिवाय जंगलात कुऱ्हाड लावता येत नाही.

काढायच्या झाडावर दोन ठिकाणी हातोड्याचा शिक्का मारतात, एक छातीच्या उंचीला, एक बुडाशी. वरचा शिक्का लाकडाबरोबर जातो, खालचा खुंटावर राहतो. तपासणीला गेलं की आम्ही वाकून खुंटच बघायचो. शिक्का नसलेला खुंट म्हणजे चोरी, मग ती बाहेरच्याची असो नाहीतर आमच्यातल्याची. आणि सागाचा खुंट सहसा मरत नाही, पहिल्या पावसात त्याला फुटवे येतात.

सगळं आलबेल असतं असं मी म्हणणार नाही. चुकीची निशाणी, जास्तीची तोड, विरळणीच्या नावाखाली चांगली झाडं, हे सगळं चौतीस वर्षांत बघून झालंय. पण वेसावकरांनी गेल्या वर्षी घेतलं तसलं बिनपरवान्याचं लाकूड कुठल्या खुंटावरून आलं ते कुणालाच सांगता येणार नाही. आगारातल्या नगाचा खुंट निदान सापडतो.

रत्नागिरीची

माझे वडील होड्या बांधायचे, म्हणून बोलते. बरगड्यांसाठी सागाच्या मागे लागू नका. वळलेलं लाकूड आगारात येतच नाही, ते जळाऊ लाकडाच्या ढिगात जातं. आमच्याकडे वडील बाभूळ वापरायचे. शेताच्या बांधावरची, वाऱ्याने वाकलेली. झाड उभं असतानाच ते घरून नेलेला पुठ्ठ्याचा साचा फांदीला लावून बघायचे, आणि शेतकरी हसायचा की हा माणूस झाडाचं माप घेतोय का अंगरख्याचं! साच्यात बसली तरच फांदी घ्यायची. सरळ फळीतून कापून वळण दिलेली बरगडी मोठ्या लाटेला तडकू शकते.

साग, ऐन, किंजळ ही झाडं खाजगी जमिनीवर असली तरी १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या यादीत आहेत, परवानगीशिवाय पाडता येत नाहीत. बाभूळ त्या यादीत नाही. तरी गाडीत भरण्याआधी जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या, नाक्यावर वाद घालण्यापेक्षा बरं.

आणि आगारात जाताना सुतारमामांना न्याच. टॉर्च-बिर्च सगळं ठीक, पण होडी कुठे काय सोसते ते त्यांनाच माहीत.

गिरगावचा

थोडं अवांतर. मुंबईच्या गोदीत १८१७ मध्ये वाडियांनी बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यात उभं आहे. मलबारी साग. आणि याच गोदीला लाकूड पुरेना, त्या ओरडीतूनच मुंबई इलाख्यात १८४७ साली डॉ. गिब्सन यांची जंगलांवर नेमणूक झाली. तेव्हा वेसावकर, होडीसाठी साग शोधताना जंगलखात्याच्या दारात उभे राहणारे तुम्ही पहिले नाही.

वेसावकर

सगळ्यांचे मनापासून आभार. आरेतली ताई, फायबरचा विचार झाला होता. पण जुन्या लाकडी होडीला फायबरचा पठाण लागत नाही, होडीच नवी घ्यावी लागेल. तेवढे पैसे असते तर इथे रडलो नसतो.

घरी बोललो. आमच्या मच्छीमार सोसायटीतल्या आणखी दोघांना यंदा लाकूड लागणार आहे. सोसायटीच्या नावाने लॉट घेऊन आपापसात वाटून घ्यायचा असं निघालंय. सोसायटीचं पॅन, जीएसटी सगळं आहे. मला लांब नग, बाकीच्यांना आखूड चालतील. आता दोन प्रश्न: जवळ कुठे बघू, आणि परवाना सोसायटीच्या नावाचा निघाला तर कापून आणताना अडचण येते का?

घनफूट

सोसायटीची आयडिया झकास. आधी ठाणे, डहाणू, जव्हार, शहापूर या वनविभागांच्या सूचना बघा. घेर चंद्रपूरएवढा मिळणार नाही, पण भाडं वाचतं. दुसरं म्हणजे डांगचं लाकूड, बाजारात ज्याला वलसाडी म्हणतात. वघईला गुजरात वनखात्याचं आगार आहे. ते दुसऱ्या राज्यातून येणार, म्हणून परवान्याकडे जास्त लक्ष. डिसेंबर २०२३ पासून केंद्राची ऑनलाइन परवाना पद्धत आहे, क्यूआर कोडवाली.

कापायला परवाना असलेल्या आरागिरणीतच टाका आणि आगाराचा परवाना निघतानाच पोचण्याचं ठिकाण म्हणून त्या गिरणीचा पत्ता लिहून घ्या. आरागिरणीच्या बिलावर परवान्याचा नंबर आणि लॉट नंबर आलाच पाहिजे. तेवढा एक कागद होडीच्या कागदांबरोबर ठेवून द्या. आणि करवत लागण्याआधी प्रत्येक नगाच्या टोकावरचा शिक्का आणि नंबर मोबाइलमध्ये टिपा. टोक कापलं गेलं की तो पुरावा भुशात गेला.

वेसावकर

पाच आठवड्यांनी लिहितोय. पहिला लॉट हातातून गेला. ११ नग होते, त्यात दोन साडेसहा मीटरचे. आम्ही ठरवलेल्या आकड्यावर थांबलो आणि कुणीतरी आमच्या वर गेलं. मामा म्हणाले बरंच झालं, त्यातला एक त्यांना भद्द वाजला होता.

दुसरा मिळाला. नऊ नग, सगळ्यात लांब ६.१ मीटर, म्हणजे २० फूट. दोन फूट कमी. मामा म्हणतात पठाणाचा सांधा दोन फूट मागे घेऊ, तिरका, लांब उताराचा, तांब्याचे खिळे मारून. नग आरागिरणीत पडलेत, नंबर टिपलेत, पैसे मुदतीच्या चार दिवस आधी भरले. बरगड्यांचं अजून अडलंय. वसई-पालघरकडे कुणाच्या बांधावर वाकडी बाभूळ पाडायला निघाली असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, साचा घेऊन मामा स्वतः येतील.