१८६५० टॉर्च: हलवली की लुकलुकते, पाच मिनिटांत उजेड निळा पडतो

शिरोळ_रात्रपाळी

ॲल्युमिनियम बॉडीची टॉर्च आहे. एक १८६५० सेल (चार्ज होणारा लिथियमचा), १० वॅटची एकच एलईडी, ड्रायव्हरवर, म्हणजे एलईडीचा करंट आवरणाऱ्या सर्किटवर, ७१३५ च्या आठ चिप. शेतीपंपाची लाईट रात्रीची असली की उसाला पाणी पाजताना तीन-चार तास हीच हातात असते. सेल चांगला आहे, फुल चार्जला ४.१७ व्होल्ट.

चालू केल्यावर पाच-सात मिनिटांत उजेड निळसर पडतो, गार झाली की परत पांढरा. हातात हलवली की लुकलुकते. आणि टॉर्चचं डोकं म्हणावं तसं तापत नाही, नुसतं कोमट लागतं. मग हा उष्णतेचा दोष की वायरिंगचा? मल्टिमीटर आहे, डाख देता येतो. सुरुवात कुठून करू?

डाखवाला

डोकं कोमट आहे म्हणून निवांत राहू नका दादा, तेच वाईट लक्षण आहे. आठ चिप म्हणजे प्रत्येकी ३५० मिलिअँपिअर धरून २.८ अँपिअर. एलईडीवर साधारण ३.३ व्होल्ट, म्हणजे नऊ वॅटच्या आसपास. त्यातला दोनतृतीयांश भाग नुसती उष्णता. शिवाय सेल भरलेला असताना वरचे पाऊण-एक व्होल्ट ७१३५ च्या चिपा खातात, ते दोन-अडीच वॅट वेगळे. एवढं सगळं पाच मिनिटांत बॉडीला चटका लागण्याइतकं यायला पाहिजे. येत नसेल तर ते एलईडीखालीच कोंडतंय. गार झाल्यावर उजेड पांढरा होतो तोवर एलईडी वाचण्यासारखी आहे. कायम निळी राहिली किंवा पिवळ्या थरावर तपकिरी ठिपका दिसला तर ती गेली.

लुकलुकीचं आधी एक सांगा: हलवल्यावर उजेड कमी होतो की मध्येच एकदम वाढतो? दोन्हीची कारणं वेगळी.

टेल, म्हणजे स्विच असलेलं मागचं झाकण, काढा. मीटर १० अँपिअरवर, लाल वायर १० अँपिअरच्या भोकात. एक टोक सेलच्या मागच्या बाजूला, दुसरं नळीच्या उघड्या काठावर, जिथं रंग नाही तिथं. रंगावर टेकवलं तर काहीच दाखवणार नाही, ॲनोडायझिंगमधून करंट जात नाही. रीडिंग घेऊन झालं की लाल वायर लगेच व्होल्टच्या भोकात परत घाला. तशीच ठेवून सेलचे व्होल्ट बघायला गेलात तर थेट शॉर्ट.

शिरोळ_रात्रपाळी

केलं. टेलशिवाय २.७० अँपिअर, पाच मिनिटांनी २.६४, टॉर्च कितीही हलवली तरी उजेड जात नाही. पण काच बसवलेली पुढची रिंग अंगठ्यानं दाबली की उजेड एकदम वाढतो आणि मीटर ४.४ वर उडी मारतो! टेल लावल्यावर मात्र उजेड कमी होऊन लुकलुकतो. म्हणजे दोन्ही प्रकार आहेत.

डाखवाला

मग दोन दोष आहेत, आणि ४.४ वाला आधी काढा. ७१३५ ची चिप एलईडीच्या निगेटिव्हच्या बाजूला बसते. एलईडीचा प्लस सेलच्या प्लसला सरळ जोडलेला असतो, मायनस चिपमधून बॉडीला येतो. आता मायनसच्या डाखाचा गोळा रिफ्लेक्टरच्या भोकाच्या कडेला टेकला तर रिफ्लेक्टरमार्फत तो थेट बॉडीला मिळतो. ड्रायव्हर बाजूलाच राहिला, सेल देईल तेवढा करंट एलईडीत. उजेड वाढला म्हणून माणूस खूश होतो, तिकडं एलईडी भाजते. प्लसचा गोळा टेकला असता तर सेलच शॉर्ट झाला असता, त्यामुळं हे अंगावर काढू नका.

सेल बाहेर काढूनच उघडा. रिंग हलत नसेल तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून पिळा. गोळे खरवडून सपाट करा, एक एमएमच्या वर उंची नको. वायर उभी न सोडता बाहेरच्या बाजूला आडवी काढा. एलईडीभोवती फायबरचा वॉशर असतो तो आहे का बघा. नसला तर दोन्ही डाखांवर कॅप्टॉन टेप, ती उष्णता सोसते. साधी इन्सुलेशन टेप तिथं वितळून चिकट होते.

टेलचं काम सोपं आहे. आतली दोन भोकांची रिंग नोज प्लायरच्या टोकानं आवळा, निम्म्या वेळा एवढ्यावरच भागतं. नळीचा मागचा काठ स्पिरिटच्या फडक्यानं पुसा; चिखल-पाण्यानं तिथं पांढरट थर बसतो. तरी राहिलं तर स्प्रिंग बघा. स्टीलच्या स्प्रिंगला नि जुन्या स्विचला मिळून ०.१ ओहम जरी आला तरी २.७ अँपिअरला पाव व्होल्टच्या वर जातो. स्प्रिंग तापून मऊ पडते, मग दाब कमी, मग आणखी ताप. स्प्रिंगच्या आतून २२ गेजची सिलिकॉन वायर वर-खाली डाखा, थोडी सैल ठेवा म्हणजे स्प्रिंग दबेल. डाखाची इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) तीन-चार सेकंदांच्या वर धरू नका, खाली प्लॅस्टिकचा स्विच आहे.

उद्यमनगर_लेथ

भावा, एलईडी ज्या धातूच्या चकतीवर बसवलेली असते ती उचलून बघितलीस का? खाली पांढरा गोंद निघणार बघ. आणि ज्या पितळी कपावर चकती बसते तो आतून पोकळ असतो, नुसत्या कडेवर टेकलेली असते ती. मध्ये हवा. तिथं उष्णता पुढं नेणारी थर्मल पेस्ट कितीही भरून उपयोग नाही.

कपाचा आतला व्यास व्हर्नियरनं मोज आणि ॲल्युमिनियमच्या रॉडमधून तेवढा ठोकळा लेथवर काढून घे. बसायला घट्ट हवा, ०.०२ ते ०.०५ एमएम जादा ठेवला की दाबून बसतो. उंची अशी, की खालच्या ड्रायव्हरच्या पार्टांना टेकणार नाही. वायरींसाठी दोन-अडीच एमएमची दोन भोकं, आणि त्यांच्या कडा काउंटरसिंकनं मोडून घ्यायच्या. हे लोक विसरतात. धारदार कड इन्सुलेशन कापते आणि तुझी लुकलुक महिन्यात परत येते. वायर टेफ्लॉनची घाल.

मग काचेवर ६०० चा पॉलिश पेपर ठेवून ठोकळा आणि चकतीची पाठ घास, नंतर १००० चा. स्पिरिटनं पूस. पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, जास्त नको. ती ओरखडे भरायला असते, गादी करायला नाही. चकती दोन बारीक स्क्रूनं आवळलीस तर उत्तम. झटपट गोंद अजिबात नको, त्याच्या वाफेनं रिफ्लेक्टरवर पांढरी धूळ बसते. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉनही नको, तो एलईडीचा रंग बिघडवतो.

एक अडचण सांगून ठेवतो: चकतीला डाख देताना २५ वॅटची इस्त्री पुरत नाही, चकती सगळी उष्णता ओढून घेते. ६० वॅटची घे.

कागल_वायरमन

यात एक जोडतो, कारण धागा वाचून कुणीतरी दुसरीच टॉर्च उघडेल. मागं प्लगच्या पिना असलेली प्लॅस्टिकची चार्जिंग टॉर्च वेगळी. बहुतेकांत ट्रान्सफॉर्मर नसतो. १०५ लिहिलेला ४०० व्होल्टचा कपॅसिटर आणि चार डायोड, करंट ७० मिलिअँपिअरच्या आसपास. म्हणजे आतली प्रत्येक तार २३० व्होल्टशी जोडलेली. प्लग लावून आत हात घालायचा नाही, काढल्यावरही कपॅसिटरची टोकं १० किलोओहमच्या रेझिस्टरनं जोडून घ्यायची. आतली ४ व्होल्टची बॅटरी मेलेली किंवा सुटलेली असताना प्लग लावून स्विच दाबला की एलईडी उडतात, कारण व्होल्टेज धरून ठेवणारं कुणी राहत नाही.

शिरोळ_रात्रपाळी

पांढरा गोंदच निघाला, खाली पोकळ. मायनसच्या डाखावर रिफ्लेक्टरची काळी रेघ उमटलेली आहे. ठोकळा किती उंच करू? ड्रायव्हरपासून चकतीपर्यंत ९ एमएम जागा आहे.

उद्यमनगर_लेथ

सगळ्यात उंच पार्ट किती आहे ते मोज. २ एमएम असेल तर ठोकळा ६ चा कर, एक एमएम मोकळा राहू दे.