सॉफ्टवेअरचं जुनं पॅकेज टाकलं तर एवढं काय बिघडलं?

जळगावचा छापखाना
काल एकाने लिहिलं, "फीचर गेलं म्हणून जुनं व्हर्जन ओढून आणणं हा रडेपणा. सवय करून घ्या." ऐक भो. २०१८ ला ऐन लग्नसराईत आर्च लिनक्स (कॉम्प्युटरची सिस्टीम) अपडेट केलं, नॉटिलस (फाइली दाखवणारं अ‍ॅप) ३.२८ आलं आणि डेस्कटॉपवरचे आयकॉन गायब! आमच्या पत्रिका तिथेच पडलेल्या असतात. प्रूफ झालं की उजवीकडे, पैसे आले की फोल्डरात. वडिलांना वाटलं डेटाच उडाला. गिऱ्हाइकासमोर माझा उद्धार झाला. पॅकमनच्या (आर्चवर सॉफ्टवेअर टाकणारं साधन) कॅशमध्ये, म्हणजे जुन्या डाउनलोडच्या साठ्यात, ३.२६ होतं, ते टाकलं, अपडेटमधून वगळलं. दहा मिनिटांत काम चालू.

भुसावळकर
आयकॉन गेले होते, फाइली नाही. डेस्कटॉप नावाचं फोल्डर उघडायचं होतं. आयकॉन दाखवणारा तो कोड जुनाट होता, पुढच्या कामाला आडवा येत होता, म्हणून काढला. आर्चवर सगळं एकत्र पुढे सरकतं, तिथे एकच पॅकेज मागे ठेवणं म्हणजे बैलगाडीला एक चाक ट्रॅक्टरचं.

जळगावचा छापखाना
मग उबंटूवालेही (तेही लिनक्सच) रडे का? त्यांच्या १८.०४ मध्ये ग्नोम शेल (डेस्कटॉपचा मुख्य भाग) ३.२८ आणि नॉटिलस मुद्दाम ३.२६. का बरं?

धुळेकर
त्यांनी तपासून दिलं आणि पुढे सांभाळलं. तू कॅशमधून उचललं आणि देवाला नारळ फोडला.

अमळनेरची ताई
व्हर्जनचं राहू द्या. माझं अपडेट अर्ध्यात असताना लाइट गेली. परत आली तर पॅकमन हलेना, दोन अपडेट एकदम चालू नयेत म्हणून तो बनवतो ती लॉक फाइल तशीच पडलेली. तुम्हाला आयकॉनचं पडलंय!

भुसावळकर
ताई, इन्व्हर्टर घ्या.

अमळनेरची ताई
आहे की! मे महिन्यात बॅटरीत पाणी कोण घालतं, तुम्ही येता का?

धुळेकर
पत्र्याखाली ठेवली असेल.

अमळनेरची ताई
स्लॅब आहे. न बघता बोलू नका.

भुसावळकर
ऊन आम्हाला नका सांगू, आम्ही भुसावळचे.

जळगावचा छापखाना
झालं, आता उन्हाचीही मक्तेदारी यांचीच! बरं, खरं सांगतो: चार महिन्यांनी नॉटिलस उघडेना. मग नेमो हे दुसरं फाइलींचं अ‍ॅप टाकलं. लिनक्स मिंटवाल्यांनी २०१२ ला नॉटिलस ३.४ वरूनच ते वेगळं काढलं, नॉटिलसने पुढे फीचर कापली म्हणूनच. आयकॉन आहेत, एफ३ दाबलं की दोन कप्पेही. घ्या, तुमचं बरोबर. भरीत पार्टी लावू का?

भुसावळकर
लाव. स्कॅनरचं एक पॅकेज मीही दोन वर्षं होल्डवर (अपडेटमधून वगळून) ठेवलंय. पण त्याचं कारण वेगळं आहे.