सूज आली की रक्त वाढतं ना, मग आतड्याला ऑक्सिजन कमी कसा पडतो?

मायक्रोवाला_जळगाव:
सोमवारी एमएस्सीचा सेमिनार आहे न एका जागी गाडी अडलीये. सूज आली की जागा लाल होते, गरम होते, म्हणजे रक्त जास्तच येतं, मग कोलायटिसमध्ये (मोठ्या आतड्याची सूज) अस्तराला ऑक्सिजन कमी पडतो असं का म्हणतात? आणि त्यामुळे वाढणारं एचआयएफ (ऑक्सिजन कमी पडला की पेशीत टिकणारं प्रोटीन) तर अस्तर वाचवतं म्हणे, मग पेशंट आपोआप बरा का नाही होत?

धुळेकर_पॅथ:
भाऊ, मोठ्या आतड्याचं अस्तर धडधाकट असतानाही कमी ऑक्सिजनवरच जगतं. पेशी एचआयएफ सतत बनवत असते, ऑक्सिजन असला की पीएचडी एन्झाइम (डिग्री नाही रे) त्याला तोडायला पाठवतं, नसला की ते टिकतं. २०१९ चं मेडिसिनचं नोबेल याच शोधाला. आता सुजेत न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) झुंडीने घुसतात आणि जंतू मारायची रसायनं बनवताना आजूबाजूचा ऑक्सिजन पिऊन टाकतात. गिरणेच्या पाटाला पाणी सुटलंय पण वरच्यांनीच मोटारी टाकल्या, टेलवाल्याला काय मिळणार? तसंच. गंमत म्हणजे ज्या उंदरांचे न्यूट्रोफिल हे करूच शकत नाहीत त्यांना कोलायटिस जास्त जोरात होतो, कारण एचआयएफचा तो वाचवणारा सिग्नलच मिळत नाही.

केळीवाला_रावेर:
मला ६ वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. ऑक्सिमीटर ९८ दाखवतं, मग प्राणायामाने आतड्याला फरक पडेल का?

धुळेकर_पॅथ:
दादा, तुमच्या रक्तात ऑक्सिजन भरपूर आहे, टंचाई आहे ती अस्तराच्या मिलीमीटरभर जागेत. प्राणायाम खुशाल करा पण गोळ्या सोडू नका.

भुसावळ_बायोकेम:
दुसरा प्रश्न राहिलाच की. एचआयएफ दोन आहेत. अस्तरातलं एक नंबरचं म्युकस, पेशींचे सांधे सांभाळतं, दोन नंबरचं खूप दिवस चढून राहिलं तर उंदरांत सूज उलट भडकवतं. शिवाय चोथ्यापासून आतड्यातले जंतू ब्युटिरेट (अस्तराच्या पेशींचं इंधन) बनवतात, ते जाळताना अस्तराच्या पेशी ऑक्सिजन खाऊन एचआयएफ टिकवतात. सुजेत हे जाळणंच मंदावतं, मग जिथे अजून रक्त पोचतं तिथला ऑक्सिजन पोकळीत झिरपतो न ई. कोलायसारख्यांचं फावतं. म्हणजे एकाच आतड्यात कुठे दुष्काळ, कुठे गळती.

केळीवाला_रावेर:
मग चोथ्यासाठी कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी चालू करू का?

भुसावळ_बायोकेम:
रक्त पडत असताना नको, आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

मायक्रोवाला_जळगाव:
पाटाचं उदाहरण ढापतोय हां, आमचे सर पण टेलचेच शेतकरी आहेत 😄