ली मॉर्गनच्या 'द साइडवाइंडर'नंतर काय ऐकू? ट्रम्पेटवाल्यांनो, सुचवा

तीनताल_टप्पू
लोकहो, सल्ला हवाय. जॅझमधलं मला ओ की ठो कळत नाही, घरी लहानपणापासून ख्याल आणि नाट्यसंगीत, त्यात ऑफिसातल्या एकाने प्लेलिस्ट पाठवली आणि त्यातून ली मॉर्गनचं 'द साइडवाइंडर' कानात घुसलं ते आता निघायलाच तयार नाही. लोकलमध्ये, भांडी घासताना, सगळीकडे तेच. मग पूर्ण अल्बम लावला तर बाकीची चार गाणी (कोणी गात नाही तरी गाणीच म्हणतोय) नुसती वरून वाहून गेली. तर ती कशी ऐकायची, आणि या अल्बमच्या पुढे ट्रम्पेटचं काय घेऊ? पन्नास नावांची यादी कृपया नको. दोन-तीनच सांगा, पण का ते सांगा.

खर्जातला_बास
वा! आधी टायटल ट्रॅकचंच बोलतो, कारण तुम्ही तालाची माणसं, मोजायला आवडेल. नेहमीची ब्लूज (जॅझमधला एक ठरलेला साचा) बारा बारची असते, बार म्हणजे आपल्या तालातल्या विभागासारखा मात्रांचा गट, मॉर्गनने इथे ती दुप्पट ताणून 24 बारची केलीय, म्हणजे चार-चारच्या हिशोबाने एक चक्र 96 मात्रांचं. चक्र परत कुठे सुरू होतं ते एकदा कानाला सापडलं ना, की मग प्रत्येक फेरीत हा माणूस काय नवीन करतो ते आपोआप कळायला लागतं. छोटासा तुकडा फेकतो, गप्प बसतो, तोच तुकडा जरा तिरका करून परत आणतो. शिवाय कळ अर्धीच दाबून सूर पिळायची त्याची सवय, हाफ व्हॉल्व्ह म्हणतात त्याला, मींड ऐकत वाढलेल्या कानाला ते लगेच रुचतं.

आणि फक्त ट्रम्पेट ऐकू नका हो! सुरुवातीला बॉब क्रॅनशॉचा बास जी चाल धरतो त्यावर सगळं उभं आहे, आणि पियानोवर बॅरी हॅरिस, पक्का बीबॉपवाला (म्हणजे वेगवान, गुंतागुंतीच्या जॅझचा) गडी, त्याला इथे तोच तो ठेका धरून बसायला लावलंय आणि तो कुरकुर न करता बसलाय. मला तर हॅरिससाठीच हा ट्रॅक जास्त आवडतो, हसा हवं तर.

बाकीच्या चारातलं पहिलं 'टोटेम पोल' घ्या. सुरुवात जरा लॅटिन वळणाची, मध्ये सरळ स्विंगमध्ये (जॅझची नेहमीची झुलती लय) शिरतात, परत मागे येतात. हे येणंजाणं ऐकायचं. 'बॉय, व्हॉट अ नाइट' तीन-तीनच्या झुलत्या चालीवर आहे, दादरा आवडत असेल तर तिकडे जा. पाचही रचना मॉर्गनच्या स्वतःच्याच आहेत, एकही उसनी धून नाही.

जर्सीकर
वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. भर घालतो. हे रेकॉर्डिंग 21 डिसेंबर 1963चं, आमच्या न्यू जर्सीतल्या एंगलवूड क्लिफ्सला, रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत. मॅनहॅटनमधून जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिज ओलांडला की थोडं उत्तरेला. उंच लाकडी छताची खोली, ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीचे त्या काळातले बहुतेक अल्बम तिथलेच. त्यामुळे चांगले हेडफोन लावून ऐका, फोनच्या स्पीकरवर क्रॅनशॉचा बास निम्मा मरतो. टेनर सॅक्सवर जो हेंडरसन आहे, तेव्हा ब्लू नोटवर तसा नवाच होता, त्याचा खरबरीत आवाज मॉर्गनच्या चकचकीत ट्रम्पेटशेजारी मुद्दाम ठेवल्यासारखा वाटतो.

पुढचं म्हणाल तर लांब जाऊच नका, मॉर्गनचाच हात धरून मागे जा. सॅक्सवाल्या जॉन कोल्ट्रेनचा 'ब्लू ट्रेन' (1957), तेव्हा हा पोरगा एकोणीस वर्षांचा! मग ड्रमर आर्ट ब्लेकीच्या बँडचं 'मोनिन' (1958), त्यात पहिला सोलो त्याचाच. एवढ्या लहान वयात इतका आगाऊपणा आणि तो शोभतोही.

मुकी_कळ
मी जरा वेगळं बोलणार, रागावू नका. टायटल ट्रॅक छानच आहे पण त्याच्या यशाने मॉर्गनचं थोडं नुकसानही केलं असं माझं मत. 1964मध्ये अल्बम आला, धडाक्यात विकला गेला, आणि मग पुढच्या अल्बमांची सुरुवातही तसल्याच नाचऱ्या ठेक्याने व्हायला लागली. 'द रम्परोलर' ऐका म्हणजे कळेल, वाईट नाही, पण पाहुणा तोच कपडे बदलून आलाय. उलट 'साइडवाइंडर'नंतर दोन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी 1964मध्ये त्याने 'सर्च फॉर द न्यू लँड' रेकॉर्ड केला होता, आणि तो बाहेर आला थेट 1966ला! सॅक्सवर वेन शॉर्टर, पियानोवर हर्बी हॅनकॉक, गिटारवर ग्रँट ग्रीन. टायटल ट्रॅक पंधरा मिनिटांच्या वर आहे, घाई नाही, आलापी ऐकायची सवय असलेल्याने हाच घ्यावा. माझं एक नाव एवढंच.

खर्जातला_बास
@मुकी_कळ नुकसान वगैरे जरा जास्त होतंय. 1961ला ब्लेकीचा बँड सोडून हा माणूस हेरॉइनपायी फिलाडेल्फियात परत गेला होता, जवळपास विसरला गेला होता. या एका अल्बमने त्याला परत उभं केलं. नंतरच्या 'कॉर्नब्रेड'मध्ये 'सिओरा'सारखी गोड चीज आहे, ती काय फॉर्म्युला आहे का? बाकी 'सर्च' भारी आहे यावर एकमत.

वसईची_विनया
कोणी ट्रम्पेटवाल्या क्लिफर्ड ब्राऊनचं नाव कसं नाही काढलं अजून? मॉर्गन त्याच्याकडे शिकायला जायचा! 'स्टडी इन ब्राऊन' (1955), ड्रमवर मॅक्स रोच. 'चेरोकी' इतक्या वेगात आहे की मी पहिल्यांदा नुसती हसत सुटले, आणि तरी एकेक सूर सुटा, स्वच्छ, द्रुत तानेतला दाणेदारपणा म्हणतो ना आपण, तोच. त्यानंतर 'सँडू' लावा, साधी बारा बारची ब्लूज, आरामात. 1956मध्ये मोटार अपघातात गेला बिचारा, पंचवीस वर्षांचा. मॉर्गनही तेहतिसाव्या वर्षी क्लबमध्येच गोळी लागून गेला, त्यावर माहितीपट आहे, पण आधी संगीत ऐका, ती कहाणी एकदा डोक्यात बसली की ट्रम्पेटच्या प्रत्येक सुरात उगाच दुःख शोधायला लागतो आपण. 'साइडवाइंडर' आनंदी अल्बम आहे, तसाच ऐका.

कोमल_गंधार
ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' (1959) सगळे सुचवतात म्हणून मीही सुचवतो, पण ख्यालवाल्यासाठी खास कारण आहे. 'सो व्हॉट' लावा. सोळा बार एकच स्वरसप्तक, आपला काफी थाट, मग आठ बार तेच सगळं अर्धा स्वर वर सरकवलेलं, मग आठ बार परत खाली. म्हणजे षड्जच हलतो! राग शोधू नका, वादी-संवादी पकड वगैरे काही नाही, नुसता थाट आहे. मॉर्गनइतका माइल्स बोलका नाही, कमी वाजवतो, त्यामुळे लगेच लागोपाठ ऐकलात तर कंटाळवाणा वाटेल, मध्ये दिवसभराचं अंतर ठेवा.

वसईची_विनया
आणि आपल्याकडचं हवं असेल तर चिक चॉकलेट, गोव्यातल्या हळदोण्याचा ट्रम्पेटवाला. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'तल्या (1951) गाण्यांमागचा जॅझचा रंग बराचसा त्याचा. अवांतर आहे, पण राहवलं नाही.

तीनताल_टप्पू
बाप रे, केवढं दिलंत! धन्यवाद सगळ्यांना. 96 मात्रा मोजत बसलो, दोनदा चुकलो, मग सापडलं चक्र. 'टोटेम पोल' आता आवडायला लागलंय. क्रम असा ठरवलाय: 'स्टडी इन ब्राऊन', मग 'सर्च', माइल्स नंतर. एक बारकी शंका, माझ्या ॲपवर 'टोटेम पोल' दोनदा दिसतंय, काय भानगड?

जर्सीकर
दुसरा ऑल्टरनेट टेक आहे, म्हणजे तीच रचना पुन्हा वाजवून केलेलं वेगळं रेकॉर्डिंग, मूळ एलपीवर नव्हता, सीडीच्या वेळी जोडलाय. पाच ट्रॅक झाले की थांबा, तो टेक मूळचा पाठ झाल्यावर ऐका, दोन्हीतले सोलो ताडून बघायला मजा येते.